पुराचा नाला, पोटदुखी आणि मण्यार : मेळघाटातील एका जंगल-प्रशिक्षण शिबिराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गाव, ढाणा (छोटी वस्ती), आयोजक गट आणि माणसे यांची नावे वगळली आहेत. शिबिरात सर्वजण एकमेकांना ज्या नात्याने हाक मारत होते, ती ‘दादा’, ‘ताई’ आणि ‘बाबा’ ही संबोधने तेवढी ठेवली आहेत. स्थानिक मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाशी माझा संबंध असल्यामुळे ग्रामसभेने या घटनेचा आढावा घेण्यास मला सांगितले. खालील वृत्तांत तिन्ही मार्गदर्शक, प्रशिक्षणार्थी, रुग्णाचे वडील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांच्याशी झालेल्या बोलण्यावर आधारलेला असून तो लिहिण्यास रुग्णाची आणि त्याच्या वडिलांची संमती आहे.

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत पसरलेला मेळघाट हा सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला डोंगराळ प्रदेश आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक इथे १९७४ साली घोषित झाला. ही घटना मात्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, वनहक्क कायदा, २००६ अन्वये एका कोरकू आदिवासी गावाला मिळालेल्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात घडली. ग्रामसभेने नेमलेला तरुणांचा एक गट तिथे मुक्कामी पदभ्रमण आणि जंगलात तग धरण्याचे प्रशिक्षण अशी शिबिरे घेत असे. वनरक्षक भरतीची तयारी करणारी अंजनगाव, दर्यापूर, अचलपूर या भागांतील शेतकऱ्यांची मुले या शिबिरांना मुख्यतः येत. भरतीसाठी पळण्याचा सराव पुष्कळ झालेला असतो, पण रात्रीच्या जंगलाशी ओळख नसते, ती व्हावी हा त्यांचा हेतू असे आणि तो रास्तच होता.

मेळघाटचे जंगल सागाचे आणि शुष्क पानझडी आहे. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित वर्षावनाशी त्याचे नाते दूरचे आहे. तरीही श्रावण-भाद्रपदात पायवाटा गवताखाली जातात, ओले लाकूड पेटत नाही, धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि प्रत्येक नाल्याला पाणी असते. गटाच्या पत्रकात म्हणूनच ‘वर्षावनातील तग धरण्याचे तंत्र’ असे शब्द आले होते. इथे एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. ॲमेझॉन किंवा बोर्निओच्या वर्षावनात मार्गदर्शकासह जाणारे लोक सहसा जमिनीवर झोपत नाहीत. दोन झाडांना बांधलेल्या झोळीत किंवा काठ्यांच्या उंच बिछान्यावर, मच्छरदाणी आणि वर ताडपत्री लावून झोपतात. पत्रकाने तिथले नाव घेतले, पण तिथला सर्वांत महत्त्वाचा नियम ऐच्छिक ठेवला. पुढचे बरेचसे याच एका बाबीतून घडले आहे.

शिबिराची आखणी

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातले हे शिबिर तीन दिवस आणि दोन रात्रींचे होते. प्रशिक्षणार्थी १२ आणि मार्गदर्शक ३. गटप्रमुख असलेले दादा तिशीतले, आयोजनात तरबेज. ताईंनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले होते आणि रानभाज्यांचा भाग त्या शिकवत. बाबा साठीच्या पुढचे, आयुष्यभर गुरे आणि डिंक यांच्या निमित्ताने हेच जंगल तुडवलेले. बीटच्या वनरक्षकाला शिबिराची आगाऊ सूचना दिलेली होती. सामानात दोर, ताडपत्र्या, प्रथमोपचार पेटी, पाच टॉर्च आणि शिध्याची गोणपाटाची पोती होती. मच्छरदाण्या ९ होत्या.

मुक्कामाची जागा गावापासून सुमारे ५ किलोमीटरवर, नाल्याच्या पलीकडच्या सपाटीवर होती. पहिल्या दिवशी नाला ओलांडताना पाणी घोट्यापर्यंत होते. जागा सुंदर आणि पाण्याजवळची होती आणि पूर्वी तिथे गुरांचा तळ असल्यामुळे मोकळीही होती. परतीचा मात्र तो एकच सोपा रस्ता होता. दुसरी वाट मागच्या उतारावरून चढून डोंगराच्या धारेवर जाई आणि तिथून पलीकडच्या ढाण्याला पोहोचत असे. मोबाईलला नेटवर्कही त्या धारेवरच मिळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलईच्या डिंकावर ओले लाकूड पेटवणे शिकवले गेले. दुपारी बांबूचे उंच बिछाने बांधायचे होते. चार खुंट्या, दोन आडवे बांबू, त्यावर कामट्यांची ताटी असे साधे काम, पण पावसात हात घसरतात आणि गाठी सैल पडतात. दहा बिछाने झाले. दोघा प्रशिक्षणार्थींचे बिछाने मोडले आणि संध्याकाळ झाल्यामुळे त्यांनी सागाच्या पानांचा जाड थर अंथरून ताडपत्रीखाली जमिनीवरच झोपण्याची परवानगी मागितली. दादांनी ती दिली. मच्छरदाण्या ज्यांनी मागितल्या त्यांना मिळाल्या. या दोघांनी मागितल्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात त्याचे थोडे कौतुकही होते, की आपण खऱ्या अर्थाने जंगलात झोपलो.

रात्रीच्या जेवणात भाकरी, तरोट्याची भाजी आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, होते. वास्त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते चिरून, उकळून, ते पाणी फेकून पुन्हा शिजवावे लागतात. ताईंनी हे सर्वांच्या देखत दोनदा उकळून केले होते. अळिंबी त्यांनी शिकवणीतूनच वगळली होती, कारण नवख्याच्या हाती ती देणे त्यांना पटत नव्हते. जेवण सर्वांनी एकाच भांड्यातले घेतले.

त्या रात्रीचा प्रसंग

रात्री नऊनंतर वरच्या डोंगरात पाऊस सुरू झाला. गाविलगडचे डोंगर काळ्या पाषाणाचे, उतार तीव्र आणि माती पातळ. पाणी मुरण्याआधी धावते आणि नाला तासाभरात चढतो. बाबांनी झोपण्यापूर्वी काठावर एक सागाची काठी रोवून तिच्यावर कोयत्याने खाचा पाडल्या होत्या. अकराच्या सुमारास तिसरी खाच बुडालेली होती.

पहाटे अडीचच्या सुमारास जमिनीवर झोपलेल्यांपैकी एक जण, वय २२, पोटदुखीने जागा झाला. “दादा, पोट लय पिरगाळून रायलं,” असे म्हणत तो उठून बसला. एक उलटी झाली. जुलाब नव्हते, ताप नव्हता, कुठे चावल्याची आठवण नव्हती. दादांना साहजिकच वास्त्यांची शंका आली. त्यांनी त्याला कोमट पाणी दिले, पोटावर शेक दिला आणि बसवून ठेवले. या समजुतीत सुमारे पाऊण तास गेला.

सव्वातीनच्या सुमारास बाबा विस्तवात लाकूड सारायला उठले आणि सहज त्याच्याकडे वळले. मुलगा झोपेला आल्यासारखा दिसत होता. बाबांनी टॉर्च बाजूने धरला आणि त्याला मान न हलवता वर पाहायला सांगितले. दोन्ही पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. टॉर्च किती दिसतात असे विचारल्यावर तो “दोन” म्हणाला. बाबांच्या हातात एकच होता. “याचे डोये पाहा भाऊ, हे काई पोटाचं दुखनं नाई,” असे बाबांनी दादांना सांगितले.

ताईंनी त्याचे हात, पाय, कानामागचा भाग आणि पाठ टॉर्चने तपासली. दंशाची खूण सापडली नाही. अंथरूण लांब काठीने उलटून पाहिले, त्यात काही नव्हते. शेजारी झोपलेल्यालाही लगेच तपासले, तो ठीक होता.

पहिला निर्णय : हे काय समजायचे?

समोर दोन शक्यता होत्या. अन्नबाधा मानल्यास उजाडेपर्यंत थांबणे योग्य ठरले असते, कारण अंधार, पाऊस आणि चढलेला नाला यांतून माणूस नेण्यात धोका होता. सर्पदंश मानल्यास एकेक मिनिट मोलाचे होते, पण साप दिसला नव्हता, खूण नव्हती, सूज नव्हती.

ताईंनी इथे जो विचार केला तो मी प्रशिक्षणात आता मुद्दाम सांगतो. एका भांड्यातले पंधरा जणांनी खाल्ले आणि एकालाच त्रास झाला. तो एक जमिनीवर, मच्छरदाणीविना झोपला होता. आणि पापण्या पडणे, एकाचे दोन दिसणे हे साध्या अपचनात होत नाही. मण्यार हा रात्री फिरणारा साप आहे. उंदीर, पाली आणि इतर सापांच्या मागे तो माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि कूस बदलताना दाबला गेला की चावतो. त्याचे दात बारीक असतात, वेदना इतकी थोडी की झोपलेला जागाही होत नाही, सूज जवळजवळ येत नाही. अनेकदा पहिली तक्रार असते ती पोटदुखीची. ग्रामीण भागात पहाटे पोट दुखते म्हणून ओवा-हिंगावर थांबवलेल्या माणसाचा श्वास सकाळी अडतो, तो यामुळेच. साप सापडण्याची वाट न पाहता मण्याराचा दंश समजूनच पुढे जायचे, असे तिघांनी ठरवले.

एका प्रशिक्षणार्थीने हाताला आणि पायाला गमछा आवळून बांधण्याचे सुचवले. ताईंनी ते थांबवले. आवळपट्टीने विष थांबत नाही, अवयवाचा रक्तपुरवठा मात्र थांबतो. शिवाय इथे दंश कुठे आहे हेच माहीत नव्हते. त्यांनी रुग्णाला चालू दिले नाही, बसू दिले नाही, डाव्या कुशीवर निजवले आणि तोंडातून पाणी देणे बंद केले, कारण गिळण्याचे स्नायू ढिले पडू लागले की पाणी श्वासनलिकेत जाते. मग त्यांनी त्याला एका दमात आकडे मोजायला सांगितले. ३ वाजून २५ मिनिटांनी तो २४ पर्यंत पोहोचला. ताईंनी वेळ आणि आकडा रानभाज्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला.

दुसरा निर्णय : कोणत्या वाटेने?

बाबा काठी पाहून आले. पाचवी खाच बुडाली होती, म्हणजे ओलांडायच्या जागी पाणी कमरेपर्यंत आणि वेगात होते. तीन पर्याय बोलले गेले.

पहिला, दोर बांधून नाला ओलांडणे. दादांचा कल सुरुवातीला याकडे होता, कारण पलीकडे गेले की गाव तासाभरावर आणि गावापर्यंत गाडी. पण वेगाच्या पाण्यात गुडघ्यापर्यंतची खोलीसुद्धा धडधाकट माणसाला पाडते आणि वरून लाकडे वाहत येत होती. रुग्णाला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जाणे म्हणजे एका जिवासाठी आणखी चार पणाला लावणे होते. बाबांनी यास स्पष्ट नकार दिला आणि तो दादांनी मानला. गटप्रमुखाने वयाने मोठ्या, पण पदाने दुय्यम सहकाऱ्याचा नकार त्या घाईत ऐकून घेणे, ही या प्रकरणातील फारशी न दिसणारी पण फार मोठी गोष्ट आहे असे माझे मत आहे.

दुसरा, पाणी उतरेपर्यंत थांबणे. हे नाले जसे झपाट्याने चढतात तसेच उतरतात, हे सर्वांना माहीत होते. पण वर पाऊस चालू होता की थांबला, हे खाली बसून कळण्याचा मार्ग नव्हता.

तिसरा, मागच्या चढाने धारेवर जाऊन ढाणा गाठणे. सुमारे २ किलोमीटरचा उभा, निसरडा चढ आणि मग ३ किलोमीटर बऱ्यापैकी सपाट वाट. वेळ अधिक, श्रम पुष्कळ, अस्वलाची शक्यता. तथापि ही वाट पाण्यावर अवलंबून नव्हती आणि वाटेतच नेटवर्क मिळणार होते.

तिसरा पर्याय ठरला. दादा आणि एक चपळ प्रशिक्षणार्थी पुढे निघतील, धारेवरून १०८ ला, आरोग्य केंद्राला आणि ढाण्यावरच्या ओळखीच्या माणसाला फोन करतील. बाकी सर्वजण रुग्णाला घेऊन मागून येतील. काही जणांना तळावर ठेवावे का, असाही प्रश्न आला होता. तीन मार्गदर्शकांत तीन ठिकाणे सांभाळणे शक्य नव्हते आणि मार्गदर्शकाविना कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ताईंनी सांगितले. तळ तसाच सोडला गेला.

झोळी की स्ट्रेचर

मेळघाटात रस्ता नसलेल्या ठिकाणाहून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या चादरीच्या झोळीतून आणण्याची रीत जुनी आहे. दोन माणसांत काम भागते आणि अरुंद वाटेवर ती सोयीची असते. मुलांनी झोळी बांधायला घेतलीही होती. ताईंनी हरकत घेतली ती अशी, की झोळीत शरीर दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि ज्याच्या मानेत ताकद उरलेली नाही त्याचा श्वासमार्ग त्यामुळेच बंद होऊ शकतो. त्याला कुशीवर, सरळ निजवूनच न्यायला हवे होते.

दुपारी बांधलेल्या बिछान्यांपैकी सर्वांत पक्क्या बिछान्याचे दोन लांब बांबू काढले. शिध्याची दोन गोणपाटाची पोती रिकामी करून त्यांच्या तळाचे कोपरे कोयत्याने कापले आणि त्यांतून बांबू ओवले. वर ताटीचा एक तुकडा आणि घोंगडी घातली. रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवून कमरेला आणि पोटऱ्यांना सैल बांधले. १५ मिनिटांत स्ट्रेचर तयार झाले, आणि आदल्या दिवशी शिकलेल्या गाठी इथे उपयोगी पडल्या, हे मुलांनी मला नंतर आवर्जून सांगितले. चार जण उचलणारे, चार जण बदलीचे, दोघे टॉर्च धरणारे; बाबा पुढे, ताई रुग्णाच्या तोंडाजवळ. ३ वाजून ५० मिनिटांनी ते निघाले.

चढावर प्रत्येक शंभरेक पावलांनी खांदे बदलावे लागले. दोनदा पुढचा उचलणारा घसरला. त्यानंतर बाबांनी रुग्णाचे डोके चढाच्या बाजूला ठेवून कोयत्याने पायऱ्या पाडत पुढे जाणे सुरू केले. तोंडात लाळ साचू लागली होती. ताई ती बोटाला रुमाल गुंडाळून पुसत होत्या आणि तोंड खालच्या बाजूला कलते ठेवत होत्या. ५ वाजून ५ मिनिटांनी ते धारेवर आले. आकडे १७ पर्यंत आले. दादांचे फोन साडेचारलाच होऊन गेले होते.

ढाण्यावर

सहा वाजून दहा मिनिटांनी स्ट्रेचर ढाण्यावर पोहोचले. आकडा आता ११ वर होता आणि बोलणे नाकातून येत होते. पुढचा रस्ता चिखलाचा असल्याने रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावरच थांबणार होती आणि तिथवर पिकअप गाडीने जायचे होते. गाडी ज्याची होती तो, आणि जमलेल्यांतील वडीलधारी मंडळी, आधी भूमकाला, म्हणजे पारंपरिक मांत्रिक-वैदूला, दाखवा असे म्हणू लागली.

दादांनी विरोध केला असता तर गाडी मिळाली नसती असे नाही, पण वाद झाला असता आणि वादाला वेळ लागतो. बाबांनी वेगळा मार्ग काढला. गाडी बाहेर काढून, मागे गवत पसरून, स्ट्रेचर चढवेपर्यंत भूमकाने गाडीजवळच जे करायचे ते करावे, असे त्यांनी सांगितले. भूमका आला, त्याने कपाळावर हात ठेवून काही म्हटले आणि मग स्वतःच सर्वांदेखत सांगितले की याला दवाखान्यात न्या. तो गाडीत बसून डांबरी रस्त्यापर्यंत सोबतही आला. एकूण दहा मिनिटे गेली आणि ती एरवीही गाडी तयार करण्यात गेलीच असती. उपचाराला विलंब होणार नाही आणि लोकांचा मानही राहील, अशी ही तडजोड होती. जिथे विलंब होणार असेल तिथे अशी तडजोड करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

उपचार आणि परिणाम

६ वाजून ५० मिनिटांनी रुग्ण १०८ च्या रुग्णवाहिकेत गेला. गाडीत घेतलेला शेवटचा आकडा ६ होता. साडेसातच्या आत तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला, तेव्हा त्याला डोळे उघडता येत नव्हते आणि उशीवरून मान उचलता येत नव्हती. दंशाची खूण नसतानाही डॉक्टरांनी लक्षणांवरून मज्जासंस्थेवर परिणाम करणारा सर्पदंश धरला, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून सर्पविषप्रतिबंधक लसीच्या १० कुप्या शिरेतून दिल्या आणि पुढच्या रुग्णालयाला कळवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ही एकच लस चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नसते.

वाटेत श्वास उथळ झाला. रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी हाताने दाबायच्या फुग्याने श्वास दिला. उपजिल्हा रुग्णालयात श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि तिथून त्याला अमरावतीला हलवले. लस रक्तातले मोकळे विष निकामी करते. मज्जातंतूंच्या टोकांवर मण्याराच्या विषाने आधीच केलेली हानी तिने भरून निघत नाही, ती शरीर हळूहळू दुरुस्त करते आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. तो तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. नवव्या दिवशी घरी गेला आणि आता त्याला कोणताही त्रास नाही.

रुग्णालयात वडिलांनी दादांना एकच प्रश्न विचारला : “भाऊ, माह्या पोराले खाली काहून झोपवलं?” दादांजवळ त्याचे उत्तर नव्हते. वडिलांनी तक्रार केली नाही, पण पुढे ग्रामसभेत येऊन हाच प्रश्न सर्वांसमोर पुन्हा मांडला आणि तो कामकाजात नोंदवला गेला.

वेगळे काय करता आले असते

वडिलांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल. दोन बिछाने मोडले तेव्हा रात्र व्हायला तासभर होता आणि ते पुन्हा बांधता आले असते, किंवा ताडपत्रीची झोळी दोन झाडांना बांधता आली असती. जमिनीवर झोपणे हा कणखरपणाचा भाग आहे, ही समजूत बाहेरून आलेली आहे. त्या गावात ज्याच्याकडे खाट आहे तो पावसाळ्यात खाली झोपत नाही. आणि ज्याच्याकडे ती नाही, त्याच्याच घरात मण्यार माणूस नेतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले आहेत. ज्या धोक्यापासून गावातला माणूस आयुष्यभर दूर राहू पाहतो, तो अनुभव म्हणून कोणालाही देऊ नये. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचलेली असली तर ती सापालाही अडवते. माणसे पंधरा आणि मच्छरदाण्या नऊ, ही तफावत निघण्यापूर्वीच दिसायला हवी होती.

दुसरा मुद्दा पाऊण तासाचा. दादांची पहिली शंका चुकीची म्हणता येणार नाही, कारण रानातले अन्न खाल्ल्यावर पोट दुखले तर अन्नच आठवते. पण नेमके म्हणूनच रानभाज्यांचे जेवण रात्री ठेवणे गैरसोयीचे ठरले. ते दुपारी झाले असते तर रात्रीच्या पोटदुखीचा अर्थ लावणे सोपे गेले असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखले की प्रथम पापण्या पाहायच्या, हा नियम बाबांच्या अनुभवात होता, लेखी सूचनांत नव्हता. बाबा त्या वेळी उठले नसते तर काय झाले असते, याचा विचार गटाने फार गांभीर्याने केला.

तिसरा मुद्दा वाटेचा, आणि त्यावर अजूनही मतभेद आहेत. फोन मिळाल्यावर गावातली माणसे सहाच्या सुमारास नाल्यावर आली तेव्हा पाणी गुडघ्याखाली उतरलेले होते. म्हणजे तळावर थांबून सहाला नाला ओलांडला असता तर रुग्ण सव्वासातच्या सुमारास गावात, गाडीपाशी असता, आणि निसरड्या चढावरचा धोका टळला असता, असे गटातील काहींचे म्हणणे आहे. हिशेब बरोबर आहे, पण तो सकाळी पाणी पाहिल्यानंतरचा आहे. पहाटे साडेतीनला नाला सहाला उतरेल की नऊला, हे कोणाला सांगता येत नव्हते. नऊला उतरला असता तर मुलाचा श्वास तळावरच थांबला असता. शिवाय धारेवर कोणी गेलेच नसते तर रुग्णवाहिका निघालीच नसती. हाती असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता असे माझे ठाम मत आहे. खरी चूक त्याआधी, पावसाळ्यात नाल्याच्या पलीकडे मुक्काम ठरवण्यात होती. मुक्काम नाल्याच्या अलीकडे ठेवून हीच सपाटी दिवसा पाहून परत येता आले असते.

आणखी एक उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती. आरोग्य केंद्रात लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वास देण्याची सोय सर्वांत जवळ कुठे आहे, हे शिबिरापूर्वी विचारलेले नव्हते. या वेळी लस होती.

त्यानंतर

ग्रामसभेने उरलेल्या पावसाळ्यातली शिबिरे थांबवली. गावातील काही वडीलधाऱ्यांचे मत ती कायमची बंद करावीत असे होते. गटातील मुलांच्या हंगामी उत्पन्नाचा तो मोठा भाग असल्याने दिवाळीनंतर, नव्या नियमांसह पुन्हा सुरू करायचे ठरले. मुक्काम नाल्याच्या गावाकडील बाजूलाच होईल. उंच बिछाना आणि खोचलेली मच्छरदाणी यांशिवाय कोणी झोपणार नाही, आणि बिछाने सूर्यास्तापूर्वी मार्गदर्शक स्वतः हलवून पाहतील. रानातले जेवण दुपारीच होईल. धारेवरच्या नेटवर्कच्या जागा नकाशावर उतरवल्या आहेत, ढाण्यावरच्या पिकअपवाल्याशी आगाऊ बोलणी केली आहेत आणि प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी आरोग्य केंद्राला फोन करण्याची जबाबदारी ताईंकडे दिली आहे. भूमकालाही सर्पदंशाच्या प्रशिक्षणाला बोलावले होते आणि तो आला.

पावसाळी शिबिरांचा निर्णय अजून झालेला नाही. बाबांचा त्याला विरोध आहे, दादांना नव्या नियमांत ती घेता येतील असे वाटते, आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ताईंच्या वहीतले पान, वेळा आणि आकडे असलेले, रुग्णाच्या कागदांना जोडून पुढे पाठवले होते, कारण श्वासाची ताकद किती वेगाने घटते आहे हे त्यावरून पुढच्या डॉक्टरांना थेट कळले. त्यांच्या सूचनेवरून तशा रकान्यांचा एक तक्ता आता छापून घेतला आहे : वेळ, पापण्या, एका दमातला आकडा, गिळता येते का, आणि शेवटचे काय व केव्हा खाल्ले. तो प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला असतो आणि पेन्सिल दोऱ्याने बांधलेली असते.